वाडा पाडू नका, उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लाकडापासून वाद्यं करण्याबद्दलचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. इटलीत मिलानजवळच्या तुरुंगातले कैदी निर्वासितांच्या मोडक्या होड्यांच्या फळ्यांपासून व्हायोलिन करतात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ला स्काला थिएटरात त्या वाद्यांचा कार्यक्रमही झाला, हे मला ठाऊक नव्हतं. नातवाने मोबाइलवर फोटो काढून दाखवले. होडीचा निळा-केशरी रंग व्हायोलिनच्या अंगावर तसाच ठेवलाय. फोटो बघता बघता हातातला चहा गार झाला.

पुढे लेखक पुण्याच्या वाड्यांकडे वळले आणि तिथे माझी गाडी अडली. दोनशे वर्षांच्या तुळईत साठलेले सूर वाद्यातून मोकळे होतात, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लिहिलंय. मी बावन्न वर्षं पेट्या करतो आणि दुरुस्त करतो. (पेटी म्हणजे हार्मोनियम. हल्ली हे सांगावं लागतं.) त्यातल्या निम्म्याहून अधिक पेट्यांना पाडलेल्या वाड्यांचं सागवान आहे. एकाही तुळईतून सूर निघालेला मी ऐकला नाही. खिळे निघाले. चौकोनी, लोहाराने ठोकलेले, वीतभर लांब खिळे. त्यांच्यापायी माझ्या किती करवती गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

तरीही मी वाड्याच्याच लाकडामागे का धावतो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

माझ्या वडिलांचं दुकान नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात होतं. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्हा पोरांना घेऊन आई पर्वतीकडे पळाली, वडील मागून आले. दुकानाचं दार उघडायला तिसरा दिवस उजाडला. आत कमरेइतका गाळ. त्या गाळात सतरा पेट्या होत्या, काही गिऱ्हाइकांच्या, काही विकायच्या. त्या फुटल्या नव्हत्या, उकलल्या होत्या. फेविकॉल तेव्हा नुकता बाजारात आला होता, पण आमच्याकडे सरसच चाले. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस, शेगडीवर डब्यात डबा ठेवून वितळवायचा. त्याला पाणी लागलं की तो पुन्हा पातळ होतो. पुराच्या पाण्याने रात्रभरात सगळे सांधे मोकळे केले. भाते कुजले, कातडी सुटली, आणि राहिल्या नुसत्या फळ्या. कोणत्या पेटीची कोणती, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून आवाज देणाऱ्या पितळी जिभा, मात्र शाबूत होते. आईने बिचारीने ते परातीत घेतले आणि चिंच लावून घासायला बसली. वडील असे ओरडले की शेजारची मंडळी धावत आली. सुराच्या टोकाशी रेसभर पितळ झिजलं तर सूर चढतो, बुडाशी झिजलं तर उतरतो. घरची तांब्या-पितळेची भांडी लख्ख करणारी बाई नवऱ्याची सगळी सप्तकं बेसूर करून ठेवणार होती. आई पुढे कित्येक वर्षं हा किस्सा स्वतःच सांगून हसायची. त्या दिवशी मात्र ती रडली.

तर फळ्या. त्या वडिलांनी धुतल्या, मावशीच्या घरी माळ्यावर सावलीत रचल्या, दोन फळ्यांमध्ये पातळ चिपा ठेवून हवा खेळती ठेवली आणि वर वजन म्हणून जात्याची तळी ठेवली. दिवाळीनंतर त्या खाली आल्या तेव्हा फळ्यांच्या सरळ दोन जाती पडल्या होत्या. काहींनी पीळ खाल्ला होता. चार कोपऱ्यांतला एक कायम उचललेला, लंगड्या टेबलासारखा. बाकीच्या जशा गेल्या तशा खाली आल्या. वडिलांनी त्यांच्यावर लोखंडी पट्टी उभी धरली, मागे कंदील धरला, आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती.

पीळ खाल्लेल्या फळ्या वखारीतून घेतलेल्या सागाच्या होत्या. सरळ राहिलेल्या फळ्या शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या. तो वाडा पुराच्या आधी चार वर्षं उतरवला होता आणि वडिलांनी त्याचे दोन खांब हातगाडीवरून आणले होते. आणले तेव्हा माझे आजोबा त्यांना वेड्यात काढत होते, कारण पेटीच्या कामाला जुनेरं लाकूड लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं तेव्हाचं मत. पुरानंतर आजोबा काही बोलले नाहीत. त्या सतरा पेट्यांच्या फळ्यांतून वडिलांनी सहा पेट्या उभ्या केल्या. एक अजून माझ्याकडे आहे. तिचा डावा गाल एका पेटीचा, उजवा दुसरीचा. रंगात फरक दिसतो, सांध्यात दिसत नाही.

यात गूढ काही नाही. लाकूड मेलं तरी त्याचं पाणी पिणं थांबत नाही. जुलैत ते हवेतलं पाणी ओढून फुगतं, मेमध्ये सोडून आखडतं. नव्या लाकडात झाड उभं असतानाचे ताण असतात. चिरलं की ते ताण मोकळे व्हायला बघतात आणि फळी फिरते. वाड्याची तुळई दीडशे पावसाळे आणि दीडशे उन्हाळे हेच करत आलेली असते. तिला जिथे भेग पडायची तिथे पडून गेलेली असते. शिवाय लाकडात हेमिसेल्युलोज नावाचा एक घटक असतो, पाणी ओढण्यात त्याचा मोठा वाटा. तो वर्षानुवर्षं हळूहळू झिजतो, म्हणून जुनं लाकूड पाणीही कमी पितं. हे शास्त्रातलं नाव मला पुतण्याने सांगितलं. वडील एवढंच म्हणायचे, 'याचे नखरे संपलेत.'

पेटीत याने काय बिघडतं-सुधारतं, तेही सांगतो. पेटीचा आवाज येतो पितळी सुरांतून. हे सूर बहुतेक करून गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, आणि ते बसतात रीडबोर्डवर. रीडबोर्ड म्हणजे एक फळी, तिला प्रत्येक सुराखाली एक चीर. भात्यातली हवा त्या चिरेतूनच गेली पाहिजे. फळी कागदाच्या जाडीइतकी जरी फिरली तरी हवा बाजूने गळते. मग सूर धापा टाकतो, भाता दुप्पट मारावा लागतो, आणि दोन पट्ट्या दाबल्या की तिसरी कुठेतरी आपोआप कण्हायला लागते. गायकाला वाटतं, पेटीवाल्याने सूर नीट लावले नाहीत. सूर बरोबर असतात. लाकडाने दगा दिलेला असतो. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या दहातल्या सहा पेट्यांचा आजार हाच.

म्हणून रीडबोर्डला मी नवं लाकूड लावत नाही. पट्ट्यांना चालतं, त्यांना हलकं, सरळ रेषांचं लाकूड लागतं. एके काळी तर आम्ही पट्ट्या जुन्या देवदारी खोक्यांच्या करायचो. मशिनरीचं खोकं फोडलं की त्यात दोन-चार फळ्या अशा सुंदर निघत की ज्याने ते खोकं ठोकलं त्याची कीव यायची. एका शाळेच्या पेटीच्या पट्ट्यांना खालून 'ही बाजू वर' असं इंग्रजीत छापलेलं अजून वाचता येतं. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेलं यंत्र, कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी ते पायावरून हातावर आणलेलं, सूर पालिताण्याचे, पट्ट्या खोक्याच्या आणि अंग शनिवार पेठेतल्या खांबाचं. आमच्या आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हीच पेटी परकी म्हणून स्टुडिओबाहेर ठेवली होती. वडिलांची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. भजनी मंडळं आणि शाळा नसत्या तर आमच्या घरी चूल पेटली नसती.

जुनं म्हणजे गोड, हा समज फक्त पुण्यातच आहे असंही नाही. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एकवीस वादकांना काळे चष्मे घालायला लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवी आणि तीन अठराव्या शतकातली, त्यातली दोन जगप्रसिद्ध इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हेरियसची. सगळ्यांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, आणि सगळ्यांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. लेखकमहाशयांनी हे मनाला लावून घेऊ नये. मलाही वाईट वाटलं होतं.

आता माझी स्वतःची एक चूक, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं कोणाला वाटायला नको. १९९३ साली मुळशीकडच्या एका भजनी मंडळाला मी पेटी करून दिली. लाकूड एका पडवीच्या वाशांचं. वासा म्हटला की झाडाचा बारीक घेर आला, आणि बारीक घेर आला की कडेचं पांढुरकं लाकूड जास्त आलं. सागाचा गाभा किड्याला सहसा दाद देत नाही, पण हा पांढरा भाग त्याचं जेवण. मला ते दिसत होतं. पण वाश्याला रंधा मारला तर असा मधासारखा रंग आला की मोह झाला, आणि पांढरा भाग आतल्या बाजूला घेऊन मी पेटी जुळवली. श्रावणात मंडळाचे बुवा पेटी डोक्यावर घेऊन एसटीने आले. 'बुवा, काय झालं?' म्हटलं. ते काही बोलले नाहीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पेटी त्यावर उलटी केली आणि बुडावर दोन थापा मारल्या. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला. एक लहानशी रांगोळी होईल इतका. भुंगेऱ्याने आतून पोखरून काढलं होतं, आणि ते पीठ सुरांच्या जिभांखाली जाऊन निम्मे सूर मुके झाले होते. बुवा म्हणाले, 'आम्ही अखंड हरिपाठाला बसलो आणि पेटी मध्येच दळायला लागली.' मी नवी पेटी करून दिली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पांढरा भाग बोटभर जरी दिसला तरी तो करवतीखाली जातो.

लेखात वाचून कोणी हौसेने जुनं लाकूड घ्यायला निघाले असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. 'वाड्याचं लाकूड' म्हणून हल्ली काहीही खपवलं जातं. नव्या हलक्या फळीला काळं तेल फासायचं, वर चार गंजके खिळे ठोकायचे, झाला पेशवेकालीन साग. खिळ्याच्या भोकाभोवती बघा. लोखंड शंभर वर्षं सागात राहिलं की त्याचा काळा डाग लाकडात खोल उतरतो. रंध्याचे चार हात मारले तरी जात नाही. खोटा डाग पहिल्या हातात जातो. दुसरी परीक्षा नाकाची. जुना साग बाहेरून राखाडी, निर्जीव दिसतो, पण रंधा मारून ढलपी नाकाशी धरली की नव्या चपलेसारखा, थोडा तेलकट वास येतो. दीडशे वर्षांनी येतो! तो वास आला की किंमत करायची, नाही तर नमस्कार करून निघायचं. आणि हो, हेच तेल सांधा धरू देत नाही. चिकटवायच्या आधी स्पिरिटने पुसून घ्या. रंध्याची धारही भराभर जाते, कारण सागात वाळूसारखे बारीक कण असतात. तक्रार करू नका, धार लावा.

लेखात पुण्याच्या तुळयांपासून तानपुरे होतात असं म्हटलंय. कोणी केला असेल एखादा, नाही म्हणत नाही. पण तानपुरा हे मिरजेचं काम, आणि त्यात तुळईला फारसा वाव नाही. पोट भोपळ्याचं, ते भोपळे पंढरपूरच्या बाजूला मुद्दाम पिकवतात, कडू, जाड सालीचे. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तुनीच्या लाकडाची. सागाचीही करतात, पण साग तुनीपेक्षा जड. मिरजेच्या ज्या शिकलगार मंडळींनी हत्यारांना धार लावता लावता एकोणिसाव्या शतकात सतारी करायला घेतल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही ते करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते काम त्यांना करू द्या. वाड्याचं लाकूड पेटीला द्या.

आणि सगळं पेटीलाही होत नाही. तीनेक वर्षांपूर्वी कोथरूडहून एक बाई रिक्षातून आल्या. मागच्या सीटवर आडवा उंबरा, एक टोक बाहेर, त्याला लाल रुमाल बांधलेला. त्यांच्या माहेरचा वाडा बिल्डरकडे गेला होता.

'काका, याची पेटी होईल का?'

उंबरा शिसवी होता. मध्यभागी पावलांनी झिजून बशीसारखा खोलगट झालेला. कडेला कधीकाळच्या हळदीकुंकवाचा थर चिरांमध्ये बसलेला. मी टिचकी मारली, खण्ण वाजला.

'पेटी नाही व्हायची, ताई. एवढ्या जड लाकडाची पेटी तुम्हाला उचलायलाच दोन माणसं लागतील.'

त्यांचा चेहरा पडला. रिक्षावाला मीटर चालू ठेवून उभा. मी म्हटलं, चिपळ्या करतो. उंबऱ्याच्या दोन्ही टोकांचं लाकूड शाबूत होतं, त्याच्या पाच जोड निघाल्या. झिजलेला मधला भाग मी कापला नाही. तो त्या परत घेऊन गेल्या. चिपळ्या पाच भावंडांत वाटल्या म्हणे. एक जोड न्यू जर्सीत आहे आणि तिथल्या गणपतीत वाजते. शिसवाची चिपळी सागाच्या चिपळीपेक्षा टणक वाजते, पण ती घट्ट, जड लाकडाची वाजणारच, नवी असती तरी. बाईंना मी हे सांगितलं नाही. प्रत्येक खरं प्रत्येकाला सांगायचं नसतं. वर्तमानपत्रात लिहिताना मात्र सांगावं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता ज्यासाठी हे एवढं लांबण लावलं त्यावर येतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी शुक्रवार पेठेत एक वाडा जाणार असं कळलं. मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. कडीपाटाचं छत, खाली अकरा तुळया. दिवाणखान्यातली सगळ्यांत मोठी बारा फूट लांब, नऊ बाय दहा इंच. कडेला एक भेग, बाकी निरोगी. हिशेब केला: साडेसात घनफूट. सागवान घनफुटाला साधारण अठरा-वीस किलो भरतं, म्हणजे एकशेचाळीस किलोच्या आसपास. भेगा, खिळ्यांची जागा सोडली तरी त्या एका तुळईत चार पेट्या होत्या. ठेकेदाराला इसार देऊ केला. तो म्हणाला, 'इसार कशाला आजोबा, तुमचाच माल आहे, छत काढायच्या आदल्या दिवशी फोन करतो.' फोन आला नाही. मी सोमवारी असाच चक्कर मारायला गेलो तर चौकात पिवळा जेसीबी उभा. त्याने सोंड घालून छत वरून खाली ओढलं होतं. अकरातल्या नऊ तुळया मधोमध मोडल्या होत्या. मोडल्या म्हणजे कापल्यासारख्या नाही. सागाचे धागे लांबलांब फाटून निघाले होते, हातभर, दोन हात, ऊस मोडल्यासारखे. अशा लाकडातून आगपेटीसुद्धा होत नाही. टेम्पो भरून ते एका भट्टीला गेलं. किलोवर.

मी ठेकेदारावर रागावलो नाही म्हणजे खोटं होईल. खूप रागावलो. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला जागा मोकळी करायचे पैसे मिळतात, दिवसावर. हाताने छत उतरवायचं तर कौलं, मग पाट, मग कड्या, मग तुळया, असं वरून खाली यावं लागतं. चार माणसं आणि चार-पाच दिवस. जेसीबीला एक सकाळ पुरते. वाड्याच्या मालकाला कोणी सांगितलेलंच नसतं, की त्या चार-पाच दिवसांची मजुरी लाकडातून सुटते आणि वर पैसे उरतात. वारसदार असतात अकरा, त्यातले सात एकमेकांशी बोलत नाहीत. लाकडाकडे कोण बघतंय? आमच्या लहानपणीही निम्मा वाडा उरलेल्या निम्म्या वाड्याच्या बंबात जायचाच. पण बंबात निदान ढलप्या आणि फाटे जायचे, तुळया नाहीत.

पेशव्यांनी शनिवारवाडा बांधायला घेतला तेव्हा साग जुन्नरच्या रानातून आणला, असं आपण शाळेत शिकतो. १८२८ च्या आगीत तो सात दिवस जळत होता. तो जळला, बाकीचे आपण स्वतःहून जाळतोय, आणि तेही किलोवर.

दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्याच नोटिशीत एक ओळ छापली जावी: लाकूडकाम हाताने उतरवावं आणि उतरवण्याआधी निदान आठ दिवस तारीख कळवावी. कोणाला कळवायची? तिथे तुमचं काम येतं, संपादक महाशय. आठवड्यातून एकदा, निधनवार्तांच्या पानावर खाली दोन बोटं जागा द्या. अमुक पेठ, अमुक घरक्रमांक, अमुक तारखेपासून उतरवणार. मालकाचं नाव नको, फोटो नको. वाचायचं ते वाचतील: सुतार, पेटीवाले, पखवाजाचं खोड करणारे, दारं-खिडक्या घेणारे. माणसांच्या निधनवार्तांशेजारी वाड्याची दोन ओळींची बातमी यायला मला तरी काही वावगं वाटत नाही.

आणि ज्यांचे वाडे जाणार आहेत त्यांच्यासाठी. कराराच्या कागदावर सही करायच्या आधी त्यात एक शब्द बदलून घ्या. 'पाडणे' असेल तिथे 'उतरवणे' लिहा. बिल्डर तोंड वाकडं करील, पण करील तेवढंच. लाकूड विकायचं तर घनफुटाने विका, किलोने नाही. किलोने मागणारा माणूस ते जाळणार आहे असं समजा. आणि विकल्याची पावती लिहून द्या, कारण टेम्पोत सागवान दिसलं की रस्त्यात चौकशी होते आणि पावती नसली की आमच्यासारख्याला उगाच चोर ठरायची वेळ येते. एकदा आली होती. दोन तास गेले आणि टेम्पोवाल्याने वेटिंग लावलं.

येत्या मंगळवारपासून कसब्यात एक वाडा उतरतोय. मालक सज्जन आहेत, जेसीबी आणणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय. मी सकाळी आठला तिथे असेन. गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे वर चढणार नाही. खाली खुर्ची टाकून बसेन. आपल्या लेखकांना यायचं असेल तर जरूर यावं. येताना जाड तळाची चप्पल घालावी, खिळे असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक पेटीवाला
कसबा पेठ, पुणे

ता. क. : लेखासोबतच्या फोटोखाली 'तानपुरा' असं छापलंय. फोटोतल्या वाद्याला पडदे आहेत. तानपुऱ्याला पडदे नसतात. ती सतार आहे.